मशिनीचे वार

डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकड्यावर बसलेली माणसं एकमेकांना नाव-गाव विचारायच्या आधी वार विचारतात. ‘तुमचे सोम-बुध-शुक्र, की मंगळ-गुरु-शनी?’ वार जुळले तर ओळख वाढते, कारण तीच माणसं, तेच तास, वर्षानुवर्षं. वार जुळले नाहीत तर शेजारच्या गावचा माणूसही कधी भेटत नाही. मूत्रपिंडं निकामी झाली की मशिनीने रक्त साफ करावं लागतं, ते डायलिसिस. घरी मात्र हा शब्द फारसा कोणी उच्चारत नाही. मालवणी मुलखातल्या घरात ‘आज मशिनीचो वार’ एवढंच म्हणतात, आणि त्यावरून त्या दिवशी चूल किती वाजता पेटणार, गाईचं दूध कोण काढणार आणि बाजाराला कोण जाणार हे सगळं ठरतं.

एक हिशेब आधीच मांडलेला बरा. आठवड्याला तीन वेळा म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. मशिनीवरचे तास चार. पण वजन-बीपी बघणं, सुया लावणं, शेवटी सुया काढून दाब देणं धरलं की साडेपाच. दोडामार्ग, राजापूर किंवा मंडणगडच्या आतल्या वाडीतून जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी जायचं तर वाडीतून फाट्यापर्यंत रिक्षा, फाट्यावरून एसटी, परत येताना तेच. पहाटे निघालेलं माणूस दिवेलागणीला घरी. आणि जातात दोघं, रुग्ण आणि सोबतीचं माणूस. म्हणजे वर्षाचे ३१२ माणूस-दिवस. चार माणसांच्या घरातून एवढे दिवस वजा झाले की उरलेल्या दोघांवर काय येतं, याचा विचार निदानाच्या दिवशी कोणी करत नाही. त्या दिवशी सगळे रडतात, पैशांचं बोलतात, कुलदैवताला गाऱ्हाणं घालतात. दिवसांचं बोलत नाहीत. पुढे दोन वर्षांनी भाऊ भावाशी बोलेनासा होतो तेव्हा कारण पैशाचं सांगितलं जातं. खणून पाहिलं तर बहुतेक वेळा खाली दिवसच निघतात. कोणी किती दिले, आणि कोणी ते मोजलेच नाहीत.

त्याहीआधीचा एक प्रश्न मात्र पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांना स्पष्ट विचारायला हवा: हे तात्पुरतं आहे की कायमचं? कोकणात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस (उंदरा-गुरांच्या मुतातून चिखलात येणाऱ्या जंतूंचा ताप) झाला आणि मूत्रपिंडं बसली, तर डायलिसिस लागतं. पण वेळेवर उपचार झाले तर ती बहुधा काही आठवड्यांत पुन्हा चालू होतात. (आरोग्यसेवक पावसाळ्यात वाडीवर येऊन डॉक्सिसायक्लिनच्या २०० मिलिग्रॅमच्या आठवड्याच्या गोळ्या देतात त्या याचसाठी, त्या फळीवर ठेवून द्यायच्या नसतात.) मधुमेहाने किंवा रक्तदाबाने दहा-पंधरा वर्षांत झिजलेली मूत्रपिंडं परत येत नाहीत. हा फरक न कळल्याने दोन्ही बाजूंनी चुका होतात. एका घरात महिन्याभराच्या आजारासाठी कलमं लावलेली जमीन घाईने विकली जाते. दुसऱ्या घरात ‘सुटेल हो हळूहळू’ म्हणत गावठी औषधाच्या नादात मशिनीचे वार चुकवले जातात आणि माणूस श्वास लागून रात्री जीपमधून न्यावा लागतो.

कायमचं आहे म्हटल्यावर हातात फिस्टुला करतात. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर एकमेकांना जोडायची, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिच्यात सुई टोचता येते. शीर तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्त. तोवर मानेत नळी. म्हणून डॉक्टर ‘आत्ताच फिस्टुला करून ठेवा’ म्हणतात तेव्हा ‘बघू, मे महिन्यात आंबा आटपू दे’ असं म्हणू नये. आंबा आटपेपर्यंत मानेतल्या नळीवर येण्याची पाळी येते, आणि नळीत जंतू शिरण्याचा धोका फिस्टुलापेक्षा पुष्कळ मोठा. नळी असताना ती भिजू द्यायची नाही, विहिरीवर डोक्यावरून कळशी घ्यायची नाही. मशिनीवर असताना हुडहुडी भरून ताप आला तर ‘वारा लागला’ म्हणून गप्प राहायचं नाही.

शक्यतो ज्या हाताने काम कमी तोच हात फिस्टुलाला देतात. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही, जड उचलायचं नाही. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटं ठेवून आतली थरथर बघायची. ती थांबली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, पुढच्या वाराची वाट बघायची नाही. आणि त्या हातात घट्ट काही नको. घड्याळ नको, गंडादोरा नको, बांगड्या नकोत. पुरुषाला हे सोपं जातं. बाईच्या डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायची वेळ आली की घरात न बोललेलं काहीतरी पसरतं. सासूबाई म्हणतात, ‘एका हातात तरी ठेव गो.’ उजव्या हातात हव्या तेवढ्या घालता येतात, वैद्यकाची काही हरकत नाही. पण हळदीकुंकवाला गेलेल्या बाईला दहा जणी डाव्या हाताकडे बघून कारण विचारतात, आणि तीन-चार वेळा उत्तर दिल्यावर ती जाणं बंद करते. अशा वेळी जावेने किंवा नणंदेने सोबत जाऊन तिच्या आधी उत्तर देऊन टाकावं. हे कुठल्याही डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आता स्वयंपाकघर, जिथे या आजारातली निम्मी भांडणं होतात.

लघवी कमी झालेल्या माणसाला दिवसाचं पाणी साधारण असं ठरवून देतात: चोवीस तासांत जेवढी लघवी होते तेवढं, अधिक सुमारे अर्धा लिटर. बऱ्याच जणांचं ते सगळं मिळून पाऊण ते एक लिटर भरतं. या लिटरात नुसतं पाणी येत नाही. चहा येतो, आमटी येते, ताक येतं, सोलकढी येते, आणि पेजही येते. सकाळी पेजेचा मोठा वाडगा प्यायला की दिवसाच्या पाण्याचा चौथा हिस्सा संपला, हे वर्षानुवर्षं पेज पिणाऱ्या माणसाला पटतच नाही. त्याच्या लेखी पेज म्हणजे जेवण. पेजेऐवजी आटवलेला मऊभात द्यावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे खोटं बोलून उपयोग नसतो; केंद्रातला वजनकाटा सांगतो. दोन वारांमध्ये वजन दोन किलोच्या आसपासच वाढावं अशी अपेक्षा असते. चार किलो वाढलं की तेवढं पाणी चार तासांत ओढावं लागतं. मग बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस घरी येऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहतो. आठवड्यातल्या मोजक्या कामाच्या दिवसांतला तो एक होता.

तहान पाण्याने वाढत नाही, मिठाने वाढते. आणि कोकणातलं साधं जेवण मिठावर उभं आहे: सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड, मीठ लावलेली आमसुलं, आगळ म्हणजे कोकमाचा खारा रस. ‘पाणी कमी प्या’ असं दिवसातून वीस वेळा सांगण्यापेक्षा सुकट बंद केली तर तहान आपोआप उतरते. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र घरात आणूच नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि या माणसाला तेच जास्त घातक. सैंधवानेही काही साधत नाही, तेही मीठच.

पोटॅशियम हा या आजारातला न दिसणारा भाग. मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही, दोन वारांमध्ये ते साठतं, आणि फार साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळं म्हणजे आजाऱ्याला द्यायची पहिली गोष्ट असं आपल्याकडे प्रत्येकाला वाटतं. भेटायला येणारा पाहुणा दोन शहाळी काखोटीला मारून येतो. डायलिसिसच्या रुग्णाला शहाळं चालत नाही, थोडंसुद्धा. फणसाचे गरे, केळी, चिंचेचा कोळ, अळू, शेवग्याचा पाला यांवरही हात आखडावा लागतो. करमळं, म्हणजे तो पाच कंगोऱ्यांचा आंबट कमरख, पूर्ण वर्ज्य. त्यातलं विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, पण या माणसाला त्याने सतत उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. परसातल्या झाडाची दोन फळं मिठाला लावून खाल्ली एवढंच निमित्त पुरतं. हापूसची एखादी फोड आहारतज्ज्ञाला विचारून मिळू शकते. आंबेवाल्याच्या घरात ही एक फोड कोणी, कधी द्यायची हा मे महिन्यातला मोठा विषय असतो. भाज्यांना उपाय आहे: बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकडून तेही फेकायचं. दुधी, पडवळ, शिराळं त्यातल्या त्यात बरी.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र वेगळीच. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टर प्रथिनं कमी खायला सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट सांगतात, कारण मशिनीतून प्रथिनं निघून जातात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ग्रॅमपेक्षा थोडी जास्तच लागतात. पण घरात पहिलाच कागद फ्रिजला चिकटलेला राहतो. मग समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहणारा माणूस मासे सोडून उकडलेला दुधी खात हाडं-कातडी होतो, आणि बायको जीव तोडून पथ्य सांभाळत असते. ताजा मासा, अंड्याचा पांढरा भाग चालतो. कागद नवा मागून घ्यावा. आणि रुग्णाचं वेगळं भांडं चढवण्यापेक्षा सगळ्या घराचीच आमटी कमी मिठाची करावी, ज्याला हवं त्याने वरून मीठ घ्यावं. वेगळं भांडं म्हणजे सुनेला रोज दोन स्वयंपाक. ती ते करते, सहा महिने हसून करते, आणि मग एक दिवस भांडं जरा जोरात ठेवते.

सोबत कोण जाणार, हा खरा कळीचा प्रश्न. उत्तर न विचारताच ठरलेलं असतं: बायको. रुग्ण बाई असेल तर मुलगी किंवा सून, क्वचित नवरा. कारण विचारलं तर ‘तिला तसं काय काम नाही.’ फेब्रुवारी ते मे काजूबी गोळा करायची, लावणी-बेणणीला दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायचं, बचतगटाची कोकमं वाळवायची, हे सगळं ‘तसं काम नाही’ या खात्यात. तिची १५६ दिवसांची मजुरी कुठल्याही वहीत लिहिली जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की ती लिहावी. वसूल करायला नव्हे; गणपतीला सगळे भाऊ एकत्र बसतील तेव्हा समोर ठेवायला. मुंबईचा भाऊ महिन्याला पाच हजार पाठवतो ते सगळ्यांना ठाऊक असतं, कारण पैसे खात्यात दिसतात. वहिनीचे बुडालेले दिवस दिसत नाहीत म्हणून ते नसतात असं धरलं जातं.

वाटण्या करता येतात. माणूस स्थिर असेल तर सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांनंतर प्रत्येक वारी घरचं माणूस लागतंच असं नाही. एकाच वाडीचे किंवा एकाच रस्त्यावरचे दोन रुग्ण एकाच पाळीत आले, तर एक रिक्षा आणि एकच सोबत दोघांना पुरते. केंद्रातल्या सिस्टरना विनंती केली तर पाळ्या जुळवून देतात. एक वार बायकोचा, एक मुलाचा, एक शेजाऱ्यांबरोबरचा, असं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाव लिहून ठेवावं. नाव लिहिलं की वार चुकवणाऱ्याला बोलावं लागत नाही. आणि मुंबईच्या भावाने पैशांबरोबर दिवसही द्यावेत: वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवस येऊन सगळे वार स्वतः करावेत. त्या आठ दिवसांत वहिनी माहेरी जाईल. पाच हजारांनी जे साधत नाही ते याने साधतं, शिवाय सल्ले देणं आपोआप कमी होतं.

मशिनीवरून आल्यावरचे चार-पाच तास घरातल्यांनी ओळखायला शिकावं. माणूस पिळून काढल्यासारखा असतो. चिडतो, उलट बोलतो, काही वेळा मुलांसारखा रडतो. त्या संध्याकाळी हप्त्याचा, जमिनीचा, मुलीच्या लग्नाचा विषय काढू नये. मधल्या वारी सकाळी काढावा. रक्त गोठू नये म्हणून मशिनीवर हेपारिन देतात, त्याचा परिणाम काही तास राहतो, म्हणून त्या दिवशी कोयता-विळा हातात नको. घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त आलं तर बोटाने दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचं. पंचा करकचून आवळला तर रक्त थांबतं पण फिस्टुलाही बंद पडतो. नवरा-बायकोच्या खोलीतही या आजाराने खूप काही बदलतं. इच्छा मंदावते, थकवा असतो, औषधांचा परिणाम असतो. हे डॉक्टरांना विचारता येतं आणि त्यावर उपायही असतात. आपल्याकडे नवरा ते मनात ठेवून चिडका होतो आणि बायको ‘आता काय त्याचं’ म्हणून विषय मिटवते, आणि एकमेकांशी बोलायला मग फक्त गोळ्यांच्या वेळा उरतात.

पैशांचं थोडक्यात. डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. दोन्हीवरच्या नावात फरक असेल तर तो आधी दुरुस्त करावा. ‘चंद्रकांत’ आणि ‘चंदू’ यांत आठवडे जातात. २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर नेली. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, त्यातून जिल्हा रुग्णालयांत मशिनी आल्या. एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला सवलत आहे. रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि एका सोबत्याला स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते; डॉक्टरांच्या सहीचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एवढं करूनही वाडी ते फाटा रिक्षा आणि सोबतीची बुडालेली मजुरी या दोन गोष्टी कुठल्याच योजनेत नाहीत, आणि घर त्यांनीच खचतं. त्या भरून काढायला वाशीच्या आंबाबाजारातल्या दलालाची जादा उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेण्याचा मोह होतो. उचल घेतली की आंबा त्यालाच घालावा लागतो, त्याच्या पट्टीप्रमाणे. एका वर्षाच्या उचलीत पुढच्या दोन हंगामांचा भाव अडकतो. त्यापेक्षा काही कलमं एका हंगामापुरती कराराने दिलेली बरी, आणि तो करार कागदावर.

नोकरदाराने राजीनामा द्यायची घाई करू नये. पहिल्या महिन्यात थकवा असतो, मानेत नळी असते, वाटतं आता काही होणार नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन सुधारतं, पाणी आटोक्यात येतं आणि माणूस बसून करायची कामं करू शकतो. केंद्रात संध्याकाळची पाळी असेल तर ती मागावी. चार वाजता मशिनीवर गेलं तर अर्ध्याहून जास्त दिवस कामावर निघतो. लोटे किंवा मिरजोळे एमआयडीसीतल्या कामगाराचा ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जात असेल तर आजारपणाचा भत्ता वर्षात ९१ दिवस सत्तर टक्के मिळतो. मूत्रपिंड कायमचं निकामी होणं दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली असेल तर पुढे ऐंशी टक्क्यांनी वाढीव भत्ताही मिळतो. राजीनामा दिला की हे दार बंद. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदलीत डायलिसिस चालू असल्याच्या कारणावरून विशेष संवर्गात अर्ज करता येतो. केंद्राजवळची शाळा मिळणं इथे पगारवाढीपेक्षा मोलाचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मात्र मूत्रपिंडाचा आजार नाही, त्यामुळे त्या दाखल्यामागे धावण्यात वार घालवू नयेत.

बागायतदार आणि मच्छीमार यांना राजीनामा द्यायचा नसतो, त्यांचं काम हळूच काढून घेतलं जातं. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही पडा.’ प्रेमानेच म्हणतो. पण वीस किलोचा क्रेट उचलता येत नाही, झाडावर चढता येत नाही, म्हणून बागच कळत नाही असं होत नाही. मोहोर बघून फवारणी कधी घ्यायची, राखण्याचा पगार, आंब्याची प्रतवारी, ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन, दलालाच्या पट्टीतली हमाली-तोलाई तपासणं, ही सगळी कामं बसून होतात आणि तिशीतल्या मुलापेक्षा साठीतला बाप ती चांगली करतो. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, समुद्रावर जाता येत नाही. चार-चार दिवस बाहेर राहणाऱ्या होडीवर मशिनीचे वार कसे पाळणार? पण जाळ्यांची दुरुस्ती, डिझेल-बर्फाचा हिशेब, लिलावाला उभं राहणं त्याला जमतं, आणि त्या कामाचा ठरवून वाटा द्यावा. फुकट करून घेतलं की ते काम राहत नाही, वेळ घालवणं होतं. फवारणीच्या औषधांपासून आणि चिखलापासून मात्र लांब ठेवावं. सह्यांचं काम वेगळं: बँकेत नॉमिनी, संयुक्त खातं, पीककर्जाचे कागद, सामायिक सातबारावरची नावं, हे माणूस धड बोलतोय-चालतोय तेव्हा, त्याला समोर बसवून करावं. आयसीयूच्या दारात अंगठे घेण्यासारखं ओंगळ काम दुसरं नाही.

मूत्रपिंड द्यायचा विषय निघाला की नात्यांची खरी नाडी कळते असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. १९९४ च्या कायद्याप्रमाणे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं जवळचे नातेवाईक म्हणून देऊ शकतात. सून, जावई, वहिनी द्यायला तयार असतील तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. दात्याला साधारण महिना-दीड महिना जड काम करता येत नाही. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि घरातली चर्चा ऐकली की का ते कळतं: ‘तो कमावता आहे, त्याला कसं सांगायचं?’ ज्याला द्यायचं नाही त्याने नाही म्हणावं. प्रत्यारोपण विभागात दात्याशी एकट्याने बोलतात. तिथे ‘माझी इच्छा नाही’ म्हटलं तर घरच्यांना एवढंच कळवतात की हा दाता योग्य नाही. ही सोय माहीत नसल्याने कित्येक भाऊ तपासण्यांच्या तारखा चुकवत राहतात आणि आयुष्यभर पळपुटे ठरतात. मूत्रपिंड मिळालं तरी पहिले काही महिने मुंबईत रुग्णालयाजवळ राहावं लागतं, गोळ्या रोज दोन वेळा आयुष्यभर. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत भावाच्या संसारात तीन महिने राहणं ही वेगळी परीक्षा. तिथे भाडं ठरवून द्यावं, ‘घरातलाच आहे’ म्हणून टाळू नये.

वाडी फारच आत असेल तर पोटाच्या डायलिसिसबद्दल जरूर विचारावं. पोटात नळी, दिवसातून तीन-चार वेळा दोन लिटर द्रव आत सोडायचा आणि जुना काढायचा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. वार नाहीत, फाटा नाही. पण एक स्वच्छ खोली हवी, जिथे त्या वेळी पंखा बंद, मांजर बाहेर, आणि हात धुतल्याशिवाय कोणी येणार नाही. महिन्याच्या शंभरेक पिशव्या खोक्यांतून येतात. पावसाळ्यात ते खोके पडवीत ठेवले तर ओल धरतात, माळ्यावर चढवायला माणूस लागतो. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

पाऊस हे प्रकरण आपल्याकडे विसरता येत नाही. जुलैत घाटात दरड येते, साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी जातं, वीज दोन दिवस नसते. एका रुग्णाच्या चार तासांना सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, त्यामुळे वीज किंवा पाणी गेलं की केंद्रही थांबतं. मे अखेरीची टंचाईही त्याला चुकत नाही. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणचा पूर, अशी दोन्ही टोकं एका हंगामात आली. लाल इशारा आला की वाराची वाट न बघता केंद्राला फोन करून एक दिवस आधी घेता येईल का विचारावं. वार चुकलाच तर पाणी अर्ध्या लिटरवर, फळं-भाज्या बंद, साधा भात. डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवणारी पावडर आधीच लिहून दिलेली असेल तर त्यांना फोन करून ती सुरू करावी. हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली, नाडी मंद झाली किंवा आडवं पडलं की श्वास लागू लागला, तर जेसीबीची वाट बघत बसू नये. ग्रामपंचायत, पोलीसपाटील, कोणालाही उठवावं.

आणि गणपती. मुंबईत मशिनीवर असलेला चाकरमानी भाद्रपद जवळ आला की घरात बोलेनासा होतो, कारण सगळे गावी जाणार आणि त्याला वार सोडून जाता येत नाही. जाता येतं. गावाजवळच्या केंद्रात पाहुणा रुग्ण म्हणून दोन-तीन वार मागता येतात. त्यासाठी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल, कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं), मशिनीचं सेटिंग आणि औषधं लिहिलेला आपल्या केंद्राचा कागद, मागच्या काही वारांच्या नोंदी लागतात. योजनेतून करायचं असेल तर दोन्हीकडच्या आरोग्यमित्रांशी बोलून ठेवावं, नाहीतर त्या दोन वारांचे पैसे खिशातून. खाटा कमी असतात आणि मागणारे पुष्कळ, म्हणून फोन आषाढातच करावा. वार चतुर्थीला येत असेल तर सकाळची पाळी मागायची नाही, संध्याकाळची मागायची. प्राणप्रतिष्ठेला यजमान घरी हवा.